चादरींतून फिरलेलं भूत

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. त्या सुमारास थोरल्या बहिणीची कूस बदलायची असे, आणि ते काम अंगात इतकं भिनलं होतं की डोळे उघडायच्या आधी तिचे पाय जमिनीला लागायचे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं ताकदीचं काम नाही, पद्धतीचं आहे. ताकद लावणारा महिन्याभरात स्वतःची कंबर धरून बसतो. आधी पलीकडचा गुडघा दुमडायचा. हात छातीवर आणायचा. मग एक तळवा खांद्यामागं, एक कमरेमागं, आणि माणसाला आपल्याकडं ओढायचं. ढकलायचं नाही. ढकललेल्याला वाटतं आपण पडतोय. ओढलेल्याला वाटतं कुणीतरी जवळ घेतंय. हे मला तिनंच सांगितलं.

तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. तिच्याहून वयानं मोठे होते तेही. आम्ही इस्पितळाच्या लाँड्रीत होतो, मी धुण्याच्या बाजूला, ती घडीच्या. मध्ये भिंत आणि भिंतीत एक खिडकी. माझ्या बाजूनं मळकं आत यायचं, तिच्या बाजूनं स्वच्छ बाहेर जायचं. उलटं कधी होऊ द्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. जमिनीला टेकलेली चादर कितीही पांढरी दिसो, ती माझ्याकडं परत.

कूस बदलून झाली की मावशी ताईचं अंग पुसायची, खालची चादर बदलायची, मग दुधात भिजवलेला पाव चमच्यानं भरवायची. ताई म्हणजे ती थोरली बहीण. मानेखालचं शरीर तिचं ऐकत नव्हतं, पण जीभ शाबूत होती आणि डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. दुपारी खालच्या मजल्यावरची शिंपीण वर येऊन पाणी पाजायची, कूस बदलायची. उरलेला वेळ ताई आणि छत. पत्र्याखाली लाकडी फळ्यांचं छत होतं, आणि त्यात बरोबर पलंगाच्या वर एक ओल येऊन सुकलेला डाग होता. ताईला आधी तो तोंड वासलेल्या चेहऱ्यासारखा दिसायचा. मावशीनं तिला पटवलं की हा ग्रह आहे. तोंड म्हणजे समुद्र. तेव्हापासून ताई त्याच्यावर वस्ती करत होती.

कामावर मावशी एवढंच सांगायची, "ताई घरी असते." लोकांना वाटायचं घर सांभाळते.

घडीचं काम बघितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ड्रायरमधून चादर गरम निघते. दोघं समोरासमोर उभे राहतात, दोन-दोन टोकं धरतात, मागं सरून ताणतात, एकदा झटकतात. चादर हवेत फुगते आणि हळू खाली येते. त्या वेळी समोरचा माणूस दिसेनासा होतो. मग टोकं जुळवत दोघं एकमेकांकडं चालत येतात, हात हाताला लागतो, टोकं एकाच्या हातात जातात, दुसरा खाली वाकून घडीचं पोट उचलतो. पुन्हा मागं. पुन्हा जवळ. ड्रायर आणि इस्त्रीच्या रोलरचा आवाज असा की दोन हातांवरून ओरडलं तरी ऐकू येत नाही. बोलायचं तर जवळ आल्यावर, घडी जुळेपर्यंत. एक वाक्य, फार तर दीड.

एका ओळीत जोड्या उभ्या असायच्या. एक ट्रॉली संपली की एका बाजूचे सगळे एक जागा पुढं सरकायचे, म्हणजे वाकणं एकाच्याच कमरेवर यायचं नाही. याला आम्ही फिरणं म्हणायचो. सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रत्येक जण समोरच्या बाजूच्या प्रत्येकापुढं उभा राहून जायचा.

आणि या फिरण्यातून गोष्ट फिरायची. ती मावशीनं सुरू केलेली पद्धत. सकाळच्या पहिल्या चादरीला ती एक वाक्य सोडायची, भुताचं नाहीतर दूरच्या ग्रहाचं. समोरच्यानं ते घ्यायचं, आपलं एक वाक्य जोडायचं, पुढच्याला द्यायचं. ऐकलेलं गाळायचं नाही आणि फुकट ऐकायचं नाही, हे दोन नियम. दुपारी गोष्ट फिरून मावशीकडं यायची तेव्हा तिला हातपाय फुटलेले असायचे.

आमच्याकडं बाई-माणूस कमी पडलं की मला घडीला घ्यायचे. मी काही सुंदर घडी घालत नसे, पण कोपरा कोपऱ्याला लागायचा. तेव्हा पाहिलेलं सांगतो. वाफेनं सगळं पांढरं असायचं. चादरी वर जायच्या, खाली यायच्या, मधून कुणाचा तरी चेहरा यायचा, कानाशी कुजबुजायचा, "आणि त्या ग्रहावर सावल्या माणसांच्या आधी उठतात," आणि पुन्हा पांढऱ्यात जायचा. आपण कामावर आहोत की झोपेत, असं होऊन जायचं. हात मात्र चालू.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. डरकाळ्या फोडणारा राक्षस आमच्याकडं कुणी कधी रचला नाही. आवाज आम्हाला मशीनचाच पुरे होता. आमची भुतं गप्प असायची. आणि ज्याचं भूत त्याच्या घरचं. एक बाई होती, लग्न करून या गावात आली तेव्हा नवी, पुढं तिच्या मुलीचं लग्न ठरत आलं तरी नवीच. नवीच्या भुताच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि बोलणं साखरेचं. मुकादम कधी जोडीला उभा राहिला तर म्हणायचा, "या राक्षसाच्या वर अजून एक राक्षस असतो. तो रोज संध्याकाळी विचारतो, आज किती खाल्ले? एवढेच? काल तर जास्त होते." त्या दिवशी दोन ट्रॉल्या होईपर्यंत ओळ हसत होती. मुकादम हसला नाही. त्याला ते विनोद म्हणून सुचलं नव्हतं.

तिसरी जिराफ. उंच म्हणून जिराफ. तिच्या हातची घडी लाँड्रीत सर्वांत चांगली. तिचं भूत कधी मरायचं नाही. मेलं असं वाटायचं आणि सकाळी पुन्हा हाक मारायचं. तिचा सासरा वर्षानुवर्षं अंथरुणावर होता आणि शेवटी तिच्याच हातावर गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. बोलायची ते एवढंच, आणि भुताच्या तोंडून.

संध्याकाळी मावशी घरी जाऊन ती फिरून आलेली गोष्ट ताईला सांगायची. जशीच्या तशी. ताईला कापलेली गोष्ट चालत नसे, आणि त्याला कारण होतं. चालत्या-फिरत्या वयात ताई सिनेमागृहात दारावर होती. तिकीट फाडायचं, बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत न्यायचं. तिथला सिनेमा चालवणारा घरी लवकर जायला मिळावं म्हणून मधली रिळं गाळायचा आणि ताई त्याच्याशी भांडायची. म्हणायची, "लोकांनी पूर्ण घाबरायचे पैसे दिलेत."

ताईनं एकही चित्रपट सुरुवातीपासून पाहिला नाही. उशिरा येणाऱ्यांना बसवेपर्यंत अर्धी कथा झालेली असायची. उरलेला वेळ तिची पाठ पडद्याकडं आणि तोंड लोकांकडं. पडद्यावरचा निळा उजेड त्यांच्या तोंडांवर हलताना ती बघत राहायची. तिचं म्हणणं, माणूस पडद्याला घाबरत नाही. घरून जे घेऊन आलेला असतो ते अंधारात थोडं खाली ठेवतो, इतकंच. गावातला मोठा कारखाना बंद पडला त्या वर्षी एक चित्रपट लागला होता. त्यात यंत्रं आपली आपण चालतात, आसपास माणूस नाही. मधे विनोद होता म्हणे. कुणी हसलं नाही. आणि परग्रहावरचा कुणी पडद्यावर उतरला की गावात नुकते राहायला आलेले लोक खुर्चीत खाली सरकायचे, जुने राहणारे पुढं वाकायचे. "पाहुणा कोण नि घरचा कोण, ते मला तिकीट न बघता कळायचं," ताई म्हणायची.

धाकटीला, म्हणजे मावशीला, ती तेव्हा रात्री हे सगळं सांगायची. मधले तुकडे स्वतः जोडून. आता धाकटी तिला सांगत होती. देणं-घेणं बरोबर चाललं होतं.

मग एका सकाळी मावशीनं वाक्य सोडलं, "एका घरात एक खोली होती, तिचं दार कुणी उघडत नसे."

साधं वाक्य. त्या आधी अशी शंभर सोडली असतील. वाक्य फिरायला लागलं. कुणीतरी म्हणालं, आत काहीतरी आहे, ते उठत नाही. पुढचं म्हणालं, ते फक्त दुसऱ्याच्या हातून खातं. तिसरं म्हणालं, पोट भरलं असं ते कधी म्हणत नाही. नवीनं जोडलं, त्याला भरवणारीचे केस बरोबरच्यांच्या आधी पांढरे झाले. कुणी म्हणालं, बरोबरच्यांची लग्नं झाली, गावं बदलली, ती तिथंच राहिली, दाराशी चमचा धरून. जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची ट्रॉली आली आणि फिरत फिरत जिराफ मावशीसमोर आली. चादर ताणली. झटकली. जवळ येत एकेक तुकडा जिराफनं सांगितला, आणि शेवटच्या घडीला स्वतःचं जोडलं.

"ती सोडून जाऊ शकत नाही, कारण ते तिच्यावर माया करतं."

मावशीच्या हातून चादर सुटली.

ती चादर खिडकीतून माझ्याकडं आली. गरम होती अजून. मी विचारलं, "कुणाची?" पलीकडून मुकादम म्हणाला, "मावशीची." मी ती हातात घेऊन जरा वेळ उभा राहिलो. तिच्या हातची चादर त्या आधी माझ्याकडं कधी परत आली नव्हती.

पुढचं मला दोघी बहिणींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं. जिथं जुळलं तेवढं लिहितो.

संध्याकाळी मावशी घरी गेली. हात धुतले, कूस बदलली, भरवलं. ताई म्हणाली, "चल. कुठवर आली गोष्ट?"

"आज नव्हती. मशीन बंद होतं."

"तुझ्या पदराला वाफेचा वास येतोय, धाकटे."

"मग उशिरा चालू झालं."

"बरं. उशिराची सांग."

मावशीनं एक जुनी सुरू केली, सावल्या आधी उठणाऱ्या ग्रहाची. ताईनं तीन वाक्यं ऐकली. "ही झालीये. सावल्यांनी शेवटी माणसांना घरातून काढलं. आजची सांग."

मग मावशीनं आजची सांगितली. खोली सांगितली, दार सांगितलं, आणि तिथून उडी मारून शेवटावर आली. शेवट तिनं स्वतः केला, खोली रिकामी होती म्हणून.

"रीळ गाळलंस," ताई म्हणाली. "तुझा श्वास बदलला तिथं. मी अंधारात कितीतरी वर्षं लोकांचे श्वास ऐकलेत. पूर्ण सांग."

"ताई, झोप आता."

"मी दिवसभर झोपूनच असते. सांग."

मावशीनं सांगितली. न गाळता. मायेपर्यंत.

ताई छताकडं बघत होती.  मग म्हणाली, "चांगली रचलीये. पांढऱ्या केसांचं कुणी जोडलं?"

"नवीनं."

"बरोबर आहे तिचं. झालेत तुझे. उजेडात बसतेस तेव्हा दिसतात." थोड्या वेळानं, "आणि शेवटचं?"

"जिराफनं."

"तिला माहीत आहे ती काय बोलते," ताई म्हणाली आणि डोळे मिटले.

सकाळी चमचा पुढं आला तेव्हा ताईनं तोंड उघडलं नाही.

मावशीला आधी वाटलं पाव नीट भिजला नाही. पुन्हा भिजवला. ओठ बंद. पाणी पाजलं तर ते गालावरून उशीवर गेलं. कामाची वेळ झाली. ती निघाली. दुपारी शिंपीण वर गेली तर तिच्याशीही तेच. शिंपीण म्हणाली, "ताई, माझं शिलाईचं काम खोळंबलंय, तोंड उघडा." ताई म्हणाली, "तोंड उघडंच आहे, बोलतेय ना. खायला उघडायचं नाही." शिंपीण घाबरली. खाली जाऊन कपडा बेतताना एक बाही चुकली. तिनं मला ते पुढं ऐकवलं, त्या बाहीसकट.

त्या दिवशी लाँड्रीत मावशीनं वाक्य सोडलंच नाही. चादरी वर जात होत्या, खाली येत होत्या, माणसं जवळ येत होती आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघून मागं जात होती. काम तेवढंच झालं. पण सुट्टीपर्यंत सगळ्यांचे खांदे दुखत होते. गोष्ट असताना दुखत नसत. मी याचा विचार केला आहे. ओझं तेच असतं. भूत मधे असलं की ते दोघांत वाटलं जातं.

चहाला ती माझ्या बाजूला येऊन बसली. मी कालच्या चादरीचं विचारलं. तिनं सगळं सांगितलं. ताई उठत नाही हे मला तेव्हा कळलं.

"काय करू, दादा? बळजबरी करू?"

"दात आवळलेल्या माणसाला भरवलं तर ते श्वासात जातं," मी म्हणालो. आम्ही इस्पितळाचे कपडे धूत होतो. एवढं कानावर येतंच.  आम्ही चहा प्यालो.

ती घरी गेली. पायरीवरच तिला राग यायला लागला. तो राग तिनं वरपर्यंत नेला. चप्पल न काढता पलंगापाशी उभी राहिली.

"सकाळी खाल्लं नाहीस. दुपारी खाल्लं नाहीस. काय ठरवलंयस?"

"तू काय ठरवायचं ते तुझ्या लोकांनी ठरवलंय," ताई म्हणाली. "भुताला भरवायचं नसतं. भरवलं की ते जात नाही. कुठल्याही सिनेमात बघ."

"मला नको सिनेमा. तोंड उघड."

"नाही."

"मी चार वाजता उठते. दिवसभर उभी असते. येऊन पुन्हा उभीच. एकदा तरी बोलले का मी?"

"नाही बोललीस. म्हणून तर त्यांना बोलावं लागलं. तुझं तूच पहिलं वाक्य सोडलंस ना? दार कुणी उघडत नसे. कुणाचं दार होतं ते?"

 मावशी खाली बसली. चप्पल काढली. ती सांगते, त्या वेळी तिला खरंच कळलं नाही की ते वाक्य कुठून आलं होतं. सकाळी पहिल्या गरम चादरीबरोबर तोंडात आलं होतं, इतकंच.

खोलीत अंधारून आलं. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. मग मावशी म्हणाली, साध्या आवाजात, कामावर बोलते तशा, "गोष्ट ऐकलीस ना काल?"

"ऐकली."

"मग तुझं वाक्य कुठाय?"

"माझं कसलं वाक्य?"

"फुकट ऐकायचं नाही. ऐकलं की एक जोडायचं. मुकादम जोडतो, पाणीवाला जोडतो. तू एवढी वर्षं फुकट ऐकत आलीस. मी मोजलं नाही, बहीण म्हणून. आता दे."

"मी तुमच्या ओळीत नाही."

"आजपासून आहेस. वाक्य दे, मग उपाशी मर. उधारी ठेवून नाही जायचं."

ताई हसली की काय ते अंधारात दिसलं नाही. मावशीला एक हुंकार ऐकू आला.  दोघी तशाच झोपल्या, एक पलंगावर, एक खाली.

पहाटे मावशी उठली. गुडघा दुमडला, हात छातीवर आणला, तळवे मागं लावले. ताईला स्वतःकडं ओढलं. ताईचं तोंड तिच्या खांद्याशी आलं. घडीच्या वेळी समोरच्याचं येतं तसं.

"ते घर नाही," ताई तिच्या कानात म्हणाली. "ते यान आहे, आणि प्रवास इतका लांबचा आहे की तो आडवं पडूनच करावा लागतो, म्हणून एकाला आडवं ठेवतात आणि एकाला जागं."

मावशी तशीच वाकलेली राहिली. कमरेला ते बरं नाही, पण राहिली.

"हे एकच वाक्य आहे?" तिनं विचारलं.

"'आणि' घातलं की एकच राहतं."

"जागं कशाला ठेवतात?"

"ते तुमच्या ओळीनं सांगायचं. सगळं मीच करू?" मग ताई म्हणाली, "पाव जास्त भिजवू नकोस. लगदा होतो."

तिनं खाल्लं. शेवटचा चमचा होईपर्यंत मावशी तिथून हलली नाही. उशीर झाला होता. ती लाँड्रीपर्यंत धावत आली. त्या वयात धावणारी ती एकटीच होती आमच्यात.

पहिली चादर. फुगली, खाली आली. मावशी समोरच्याजवळ गेली आणि म्हणाली, "परवाची गोष्ट संपलेली नाही." आणि ताईचं वाक्य दिलं. कुणाचं ते सांगितलं नाही.

वाक्य ओळीतून निघालं. मी त्या दिवशी घडीला होतो, कारण घडीवरच्या दोन बायका आल्या नव्हत्या. माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्याला बरंच जोडलं गेलं होतं. जागं असणारीच्या हातात चमचा आहे तो खरं तर यानाचा दांडा आहे, तो हलवला की यान वळतं, हे नवीनं जोडलं होतं. मुकादमानं जोडलं होतं की यानातून खाली कितीही संदेश पाठवले तरी कुणी उत्तर देत नाही, कारण ज्यांनी पाठवलं ते घरी गेले. मी जोडलं, आडवा आहे त्यालाच रस्ता पाठ आहे. मला बरं वाटलं. मी मग जिराफसमोर आलो.

तिला मी सगळं दिलं. ती टोकं जुळवत जवळ आली, काही न बोलता मागं गेली. पुन्हा जवळ आली. पुन्हा काही नाही. तीन चादरी अशा गेल्या. नियमाप्रमाणं जोडायला हवं होतं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "थांब. नीट घालतेय." मला वाटलं घडीबद्दल म्हणाली.

ट्रॉली संपली. ती सरकली. मावशीसमोर गेली. मी शेजारच्या जोडीत होतो आणि त्यांच्या चादरीचं पोट वर जाताना पाहिलं. दोघी त्याच्याआड गेल्या. चादर खाली आली तेव्हा जिराफचं वाकलेलं डोकं मावशीच्या कानापाशी होतं. एवढ्या उंचीवरून तिला फार वाकावं लागायचं. ती काय म्हणाली ते मला सुट्टीत कळलं.

"यानाला खिडकी नसेल तर पुढं सरकतोय हे त्याला कळायचं कसं?" आणि मग, गोष्टीबाहेरचं, "आमच्याकडं नव्हती. मी कधी पाडून घेतली नाही."

मावशीनं हे संध्याकाळी जसंच्या तसं घरी सांगितलं. बाहेरचं वाक्यही. ताई म्हणाली, "तिला एकदा घेऊन ये."

छतात काच बसवायचं मावशीनं त्याच आठवड्यात ठरवलं. घरमालक म्हणाला, पत्रा कापलात तर गळेल. पत्रेवाला म्हणाला, मी कापला तर गळणार नाही. मालक म्हणाला, गळलं तर? पत्रेवाला म्हणाला, गळलं तर मी वर बसतो छत्री घेऊन. तेवढ्यावर झालं.

सुट्टीच्या दिवशी मी लाँड्रीतली शिडी खांद्यावरून नेली. जिराफ आली, काच वर द्यायला. पत्रेवाला पत्र्यावर चढला. ताईचा पलंग आम्ही भिंतीला लावला आणि तिच्यावर एक चादर धरली, लाकडाचा भुसा तोंडावर पडू नये म्हणून. मी एका टोकाला, मावशी दुसऱ्या. खालून ताईचा आवाज आला, "डाग कापू नका. शेजारून घ्या. तिथं वस्ती आहे."

"कसली वस्ती?" पत्रेवाला वरून म्हणाला.

"तुम्ही करवत चालवा हो," जिराफ म्हणाली.

काच बसली. कडांना डांबर भरलं. वरून बादलीभर पाणी ओतून पाहिलं, थेंब आला नाही. पत्रेवाल्याचं काम चांगलं होतं. कड कडेला लागली होती. आम्ही पलंग पुन्हा जागेवर नेला आणि चादर काढली. ताईनं आधी वर पाहिलं नाही. जिराफकडं पाहिलं.

"उंच आहेस की," ती म्हणाली. "मायेचं वाक्य तुझं ना?"

जिराफच्या मानेपर्यंत लाली आली. "माझं."

"खरं होतं. म्हणून लागलं." ताईनं मग डोळे वर नेले. "खिडकीचंही खरं आहे."

त्या काचेतून फार काही दिसत नाही. मी पलंगाशेजारी आडवा होऊन पाहिलं आहे. आभाळाचा एक तुकडा, आणि त्याच्या कोपऱ्यात आमच्या लाँड्रीच्या चिमणीची वाफ. सकाळी वाफ उभी राहते. वारा असला की वाकते. दिवसभर ती वर जात असते, पांढरी, चादर झटकल्यासारखी, आणि तिच्याकडं बघत राहिलं की काही वेळानं आपणच सरकतोय असं वाटायला लागतं. संध्याकाळी आमचं काम सुटलं की ती बारीक होते आणि तुटते. वाफ तुटली की ताई खालच्या शिंपिणीला हाक मारायची, दूध तापत ठेव म्हणून. धाकटी निघाली.

पुढं लाँड्रीत घडी घालायचं मशीन आलं. एका बाजूनं चादर आत, दुसऱ्या बाजूनं घडी बाहेर. माणसं लांब लांब उभी राहायला लागली. घडी चांगली घालतं ते, माझ्याहून चांगली, जिराफहून नाही. तोवर मावशीची निवृत्ती आली होती. गोष्ट मात्र यानातच चालू राहिली, दोघींत, आणि सुट्टीच्या दिवशी जिराफ आली की तिघींत.

माणसं म्हणतात, मावशीनं एवढी वर्षं राबून काय केलं? घर भाड्याचं, अंगावर काही नाही. मी त्यांना बरोबर सांगू शकतो. तिनं पहाटे चारपासून उभं राहून जे कमावलं त्यातून रोजचं जे गेलं ते दूध, पाव आणि साबणात गेलं. त्यातून वाचलं त्याची तिनं जाड काच घेतली, पत्रेवाल्याची मजुरी आमच्यापैकी कुणालाही खिशाला हात लावू न देता स्वतः दिली, आणि पाच माणसांना चहा पाजला.